नकाशातली पिवळी चौकट

"मोकळी जागा बोलली पाहिजे," निशिकांत म्हणाला आणि त्यानं शाळेच्या भिंतीकडे असा हात केला, जणू ती आता तोंड उघडणारच आहे.

भिंत गप्प राहिली. मीही राहिले. माझ्या हातात त्यानं दिलेली वेताची काठी होती, टोकाला लाल कागद गुंडाळलेली, आणि समोर नुसता चुना. फलक अजून कोल्हापुराहून छापून यायचे होते. तोवर मी चुन्याला काठी लावून बोलायचं होतं.

"म्हणा मावशी."

"मी बमाबाई येडगे," मी म्हणाले. "मला अक्षर ओळखायला चव्वेचाळीस वर्षं लागली. आज मी माझ्या गावाचा नकाशा वाचते."

"थांबा, थांबा. 'चव्वेचाळीस वर्षं' म्हटल्यावर तीन सेकंद गप्प राहायचं. ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरू द्यायचं."

"उतरायला तीन सेकंद लागत्यात?"

"अभ्यास आहे त्यावर, मावशी."

असेलही. त्याच्याकडे सगळ्याचाच अभ्यास होता. माणूस फलकाकडे सात सेकंद बघतो. फलकावर पाच मुद्दे असले तर लक्षात राहतात, सहावा घातला तर पाचही जातात. पिवळ्यावर काळं अक्षर सगळ्यात लांबून दिसतं. कागद भरून टाकायचा नसतो, मोकळी जागा सोडायची असते आणि ती बोलली पाहिजे. हा निशिकांत म्हणजे आमच्या सरपंचांचा, आनंदराव पोवारांचा भाचा. पुण्यात दोन वर्षं काढून आला होता आणि तालुक्याला दुकान थाटून बसला होता. लग्नपत्रिका, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक, आणि आता 'सादरीकरण'. हा शब्द आमच्या तळवटे गावात त्यानंच आणला. त्याआधी आम्ही नुसतं सांगायचो.

"उद्या येताना एक कोकरू आणता येईल का?" त्यानं विचारलं. "काखेत धरून उभ्या राहाल. धनगराची बाई, कोकरू, हातात काठी. कोणी जन्मात विसरणार नाही."

"आम्ही गवळी धनगर. आम्ही म्हशी राखतो."

तो थोडा हिरमुसला.

"म्हैस आणू?" मी म्हणाले. "काखेत मावायची न्हाई, पर विसरायचं न्हाई कोणी."

कोपऱ्यात बसलेले ग्रामसेवक चौगुले भाऊसाहेब खाली मान घालून हसले. निशिकांत हसला नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'कोकरू रद्द'.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून समिती यायची होती. प्रत्येक गावानं आपल्या विकासाचा आराखडा त्यांच्यापुढे मांडायचा आणि ज्याची मांडणी पसंत पडेल त्याची कामं त्याच वर्षी मंजूर, असा तो कार्यक्रम होता. गावाला काय हवं आहे ते सव्वीस जानेवारीच्या गावसभेत ठरलं होतं. पहिलं काम म्हणून हात वर झाले ते साकवाला. आमच्या ओढ्यावरचा साकव, म्हणजे माणसापुरता पूल, दोन माणसं शेजारून जातील एवढा. मी राखीव जागेवर निवडून आलेली पंचायतीची सदस्य. आठ महिने त्या एका कामासाठी मी प्रत्येक बैठकीत उठून उभी राहिले होते. इतकी की मी उठले की बाकीचे सदस्य आपणहून म्हणायचे, "साकव, साकव, बसा."

आमची वस्ती गावापासून वर डोंगराच्या सपाटीवर आहे. तिला धनगरवाडा म्हणतात. वाडा म्हटल्यावर कुणी चिरेबंदी काही डोळ्यांपुढे आणू नये. कुडाची अकरा घरं, त्यांना लागून गोठे. वाडा आणि गाव यांच्यामध्ये ओढा. उन्हाळ्यात पोर उडी मारून जाईल एवढा, आणि पावसाळ्याचे तीन महिने असा की म्हैसही पाय घालत नाही. आदल्या आषाढात कोंडिबा झोऱ्याची बायको गंगू अडली होती. चौघांनी घोंगड्याची झोळी करून तिला ओढ्यापर्यंत आणलं. पाणी छातीला लागत होतं. सकाळपासून दुपारपर्यंत ती माणसं झोळी खांद्यावरून खाली न ठेवता उभी होती. दुपारी पाणी उतरलं, तेव्हा घाई उरली नव्हती.

आणि आता माझी सून रखमा चौथ्या महिन्यात होती. पहिलं लेकरू तिच्या माहेरी झालं होतं. हे दुसरं आमच्याकडे व्हायचं, आणि दिवस मोजले तर ते श्रावणाच्या तोंडावर येत होते. साकव व्हायचा तर पाऊस पडायच्या आत व्हायला हवा होता. म्हणून मी त्या पोराच्या तालमी सोसत होते. तीन सेकंद गप्प राहा म्हणाला, राहिले. डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्या, चेहरा दिसत नाही म्हणाला, घेतला.

"नकाशाच्या वेळी एवढंच," तो म्हणाला. "ही शाळा, हे मंदिर, ही पाण्याची टाकी, हे आमचं स्वच्छ गाव. चार ठिकाणी काठी. बास."

"आणि वाडा?"

"काय?"

"धनगरवाडा. आणि ओढा. साकव तिथं व्हायचा न्हवं?"

"ते वर कुठंतरी येईल. तुम्ही चारच ठिकाणं दाखवा. पाचवं घातलं की गोंधळ होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशींची धार काढून, धुतलेलं हिरवं लुगडं नेसून खाली आले तर शाळेचं रूप पालटलं होतं. भिंतीला सात फलक टांगलेले. पहिल्यावर हात जोडलेले सरपंच, दुसऱ्यावर पाच कामांची यादी, मग झाडं, मग हसणारी पोरं. ती पोरं आमच्या गावातली नव्हती, कोणाचीच ओळख पटेना. सगळ्यात शेवटी नकाशा. भिंतीइतका मोठा, चकचकीत. समिती यायला तासभर होता.

मी नकाशापुढे जाऊन उभी राहिले. मला भरभर वाचता येत नव्हतं, अजूनही येत नाही. साक्षरतेच्या वर्गात मी अक्षराखाली बोट धरून वाचायला शिकले, ते बोट सुटलं नाही. मी बोट ठेवलं आणि खालून सुरुवात केली. एस.टी. थांबा. शाळा. भैरोबा मंदिर. दूध संस्था. पोवार आळी. पाण्याची टाकी. सरपंचांच्या नव्या घराजवळ आंब्याचं एक झाडही काढलं होतं. वर सरकत गेले. स्मशानभूमी. गायरान. मग ओढ्याची निळी रेघ लागली. माझं बोट तिच्यावरून जरा घाईनं वर चढलं आणि पिवळ्यात शिरलं.

वरच्या उजव्या कोपऱ्यात भलीमोठी पिवळी चौकट होती. ओढ्याची निळी रेघ तिच्याखाली जाऊन गडप झाली होती. चौकटीत जाड काळ्या अक्षरात लिहिलं होतं: स्वच्छ गाव सुंदर गाव. मी बोट चौकटीच्या डाव्या कडेनं फिरवलं, उजव्या कडेनं फिरवलं. कडेला काही नव्हतं. डोंगराच्या पलीकडचं दुसरं गावसुद्धा बारीक अक्षरात होतं. आम्ही नव्हतो.

"निशिकांत," मी हाक मारली. "हे इथं काय हाय?"

"शीर्षक." तो खुर्च्यांना पांढरी कापडं घालत होता. "दिसतंय ना लांबून?"

"हिच्याखाली काय हाय?"

"काही नाही. मोकळी जागा होती तिथं."

"तिथं अकरा घरं हाईत."

तो जवळ आला, नकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव असता तर मला बरं वाटलं असतं. पण तसं काही नव्हतं. तो खरोखर आठवत होता.

"मामांनी दिलेल्या कच्च्या नकाशावर होतं काहीतरी," तो म्हणाला. "बारीक बारीक ठिपके. मला वाटलं झाडं आहेत."

सरपंच गांधी टोपी सारखी करत आत आले. आनंदराव पोवार वाईट माणूस नव्हता. सगळ्यांशी गोड बोलायचा, मयताला सगळ्यात आधी पोचायचा. मी त्याला चौकट दाखवली.

"अरं तिच्या!" तो म्हणाला. "असं कसं झालं रं निशिकांत?"

"मामा, शीर्षक दुसरीकडे कुठं टाकणार होतो? खाली तुमचं घर येतं."

सरपंचांनी खाली बघितलं. खरंच, खाली त्यांचं घर होतं आणि आंब्याचं झाड.

"आता एक तासात काय छापून येतंय का?" सरपंच मला म्हणाले. "आन् बमाक्का, नकाशाचं काय घेऊन बसलीस? कामाच्या यादीत साकव हायच की."

मी दुसऱ्या फलकापाशी गेले. पाच ओळी होत्या. बोट खाली खाली नेलं. पाणीपुरवठा. शाळा दुरुस्ती. वृक्षारोपण. समाजमंदिर. रस्ते व दळणवळण.

"कुठं हाय?"

"रस्ते व दळणवळण," चौगुले भाऊसाहेब म्हणाले. "त्यात साकव येतो, स्वागत कमान येते, सगळं येतं. सहावी ओळ नको म्हणाला तो."

"सहावी घातली की पाचही जातात," निशिकांतनं मला आठवण करून दिली.

"गावसभेत पयलं काम साकव ठरलं व्हतं."

"ठरलं व्हतं आणि ठरलंच हाय," सरपंच म्हणाले. "तू आता डोकं तापवू नगंस. दोन वाक्यं बोल, काठी लाव, समिती खूश झाली पायजे. खूश झाली की कमानबी देतील आन् साकवबी देतील."

बाहेर गाडीचा आवाज आला. सरपंच हार घ्यायला धावले. मी काठी घेऊन माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. दुसरी एखादी बाई तिथून निघून गेली असती. मला तेही सुचलं होतं. पण निघून गेले असते तर त्या भिंतीवर आमचं जे काही नव्हतं, त्यात आणखी माझी भर पडली असती.

समितीत तिघं होते. मुख्य साहेब गोरे, उंच, मऊ आवाजाचे. दुसरे सारखे घड्याळ बघणारे. तिसऱ्या एक बाई, त्या लिहून घेत होत्या. हार झाले, नारळ झाले, पोरींनी स्वागतगीत म्हटलं. निशिकांतनं एकेका फलकापुढे उभं राहून सांगितलं. चांगलं सांगायचा तो, खोटं कशाला बोलू? मधूनच आवाज खाली आणायचा, मधूनच थांबायचा. साहेबांची मान हलत होती. मग त्यानं माझ्याकडे हात केला.

"मी बमाबाई येडगे," मी म्हणाले. "मला अक्षर ओळखायला चव्वेचाळीस वर्षं लागली."

तीन सेकंद गप्प राहिले. कोणाच्या मनात काय उतरलं देव जाणे. माझ्या मनात गंगू उतरली.

"आज मी माझ्या गावाचा नकाशा वाचते."

काठी शाळेवर ठेवायची होती. मी ती सरळ वर नेली आणि पिवळ्या चौकटीतल्या पहिल्या अक्षरावर टेकवली.

"हे 'स्व' हाय. ह्या 'स्व'च्या खाली माझं घर हाय. माझी सून रखमा हितं ऱ्हाती. हे 'च्छ'. हिच्याखाली धाकल्या येडग्याचं घर, दोन म्हशी, एक आंधळी म्हातारी. हा 'गा'. हितं बिरू लांबोर. ह्या 'व'च्या खाली त्याचा भाऊ, त्यांचं आपसात बोलणं न्हाई."

कोणीतरी हसलं. निशिकांत माझी नजर पकडायला बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"'सुं'. हितं ठकूबाई, एकटी. 'द'. हितं दोन घरं चिकटून हाईत, तवा एका अक्षरात दोन बसली. 'र'. हितं सगळी पोरं, घर कुठलं आन् गोठा कुठला कळत न्हाई. हा परत 'गा' आला. हितं कोंडिबा झोरे ऱ्हातो. त्याच्या घरात आता बाई न्हाई. गेल्या आषाढात ती ह्या ओढ्यापाशी मेली." मी काठी निळी रेघ गडप होत होती तिथं नेली. "ओढा हितनं पुढं पिवळ्याखालनं जातो. आन् हा शेवटचा 'व', ह्याच्याखाली नुसता ओढा. अक्षरं सपली. आमची दोन घरं उरली, ती कुठं ठेवू ते ह्या पोराला इचारा. गावसभेनं पयलं काम साकव ठरवलंय. तो हितं व्हायला पायजे. पाऊस पडायच्या आत."

काठी खाली घेतली. सरपंचांचं तोंड उघडं होतं.

मग साहेबांनी टाळी वाजवली.

आधी एकट्यानं, सावकाश. मग घड्याळवाल्यानं. मग पाहता पाहता सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली, सरपंचसुद्धा. चौगुले भाऊसाहेब तर उभे राहिले. मला वाटलं, झालं. काम झालं. मी भिंतीला टेकले. तेवढा एकच क्षण मी त्या सगळ्यांवर विश्वास ठेवला. आज आठवलं तरी माझं मलाच हसू येतं.

चहाच्या वेळी साहेब स्वतः माझ्याजवळ आले, हातात बशी धरून.

"फारच प्रभावी, बाई," ते म्हणाले. "एकेका अक्षराखाली एकेक घर. काय कल्पना आहे! कोणी लिहून दिलं तुम्हाला?"

"ओढ्यानं," मी म्हणाले.

त्यांना ते आणखीच आवडलं. वळून घड्याळवाल्याला म्हणाले, "ऐकलंत? ओढ्यानं!" आणि ते दोघं हसले, भलेपणानं हसले. बाजूला निशिकांत उभा होता. एवढ्या वेळात त्याच्या तोंडावर रंग परत आला होता.

"लोकांनाच बोलतं करायचं, हे आमचं धोरण आहे सर," तो म्हणाला. "ती पिवळी चौकट मुद्दामच तिथं ठेवलीय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानं नजर चुकवली नाही. मला वाटतं, त्या घटकेला त्याला ते खरंच वाटत होतं.

मी लिहून घेणाऱ्या बाईंकडे गेले. "मॅडम, ओढा बघायला येता? अर्धा तास चढ हाय. मी हात धरते."

"यायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या. त्यांनी खाली आपल्या चपलांकडे बघितलं. "पण अजून तीन गावं आहेत आज. तुमचं सगळं घेतलंय मी." त्यांनी वही दाखवली. मी बोट धरून वाचलं. लिहिलं होतं: 'महिला सहभाग – उत्कृष्ट.'

होळीच्या आधी निकाल आला. तळवटे गावाला तालुक्यात पहिलं बक्षीस, उत्कृष्ट सादरीकरणाचं. चौकात फटाके लागले. सरपंचांनी मला स्वतःच्या हातानं पेढा भरवला, आणि तो तोंडात असतानाच मी विचारलं, "साकव?"

"आलंय की. रस्ते व दळणवळण मंजूर."

चौगुले भाऊसाहेबांकडून कागद घेऊन मी सबंध वाचला. अर्धा दिवस गेला. रस्ते व दळणवळण याखाली दोन कामं होती: एस.टी. थांब्यापासून शाळेपर्यंत सिमेंटचा रस्ता, आणि स्वागत कमान.

"साकव का न्हाई?"

"नकाशात जागा दाखवलेली नाही म्हणून अभियंत्यांनी शेरा मारलाय," भाऊसाहेब म्हणाले. "पुढल्या वर्षी बघू. बमाबाई, मी काय करणार, तुम्हीच सांगा."

त्यांनी काही करावं असं मला वाटतही नव्हतं. त्या माणसाला पावती फाडायलाही दोन सह्या लागायच्या.

मे महिन्यात कमान उभी राहिली. गुलाबी रंगाची, दोन्ही बाजूंना हत्ती. आमच्या भागात हत्ती नाहीत. पण ते सात सेकंदांत लक्षात राहत असतील.

ज्येष्ठ सरत आला. वाऱ्याची दिशा फिरली, म्हशी वास घ्यायला लागल्या. एक दिवस सकाळी मी रखमाला म्हणाले, "तुझी दोन लुगडी, वाकळ आन् लेकराच्या चिंध्या बांध."

"कुठं जायचं, आत्ती?"

"सरपंचाच्यात."

ती हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. "ते काय म्हंतील?"

"काय म्हनायचं ते म्हनंनात. तू नुसतं बसायचं. बोलायचं मी."

आम्ही ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. सरपंचांच्या नव्या घराच्या सोप्यात मी गाठोडं ठेवलं आणि रखमाला भिंतीशी बसवलं. आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती बसली ती अशी ऐसपैस, की तिला आता गाडीनंच हलवावं लागलं असतं. सरपंचांची बायको शेवंता आतून पिठाचे हात घेऊन आली.

"काय गं बमाक्का? दवाखान्यात चाललाय काय?"

"न्हाई. हितंच आलोय. बाळंत हुईस्तवर ऱ्हाईल ती."

"हितं?" शेवंताचा आवाज चिरकला. "अगं, दुसऱ्याच्या घरात बाळंतपन? देवघर हाय माझं. सुवेर कुणी पाळायचं?"

"बाळंत ती नर्सबाईकडं व्हईल, उपकेंद्र चार घरं पलीकडं हाय तुझ्या. हितं नुसती ऱ्हाईल. आधी आन् नंतर, वढा उतरंस्तवर."

तेवढ्यात सरपंच बाहेर आले. त्यांनी रखमाकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं. दारात दोन माणसं कामाला आली होती, ती जोत्यावर बसून ऐकत होती.

"बमाक्का, हे काय मांडलंयस?" त्यांचा आवाज दबका होता.

"सादरीकरण," मी म्हणाले.

जोत्यावरचा एक जण खोकला.

"आबा, नकाशात आमचं घर न्हाई. तुमचं हाय, आंब्यासकट. पोटुशी बाई कागदावर नसलेल्या घरात कशी ठिवू? जिथं घर हाय तिथं आणली."

सरपंचांना तिला घालवून देता आलं असतं. पण दारात माणसं होती आणि चौकात बक्षिसाचा फलक लागलेला होता. शिवाय तो वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगितलंय. माझा सगळा भरवसा त्यावरच होता.

रखमा राहिली. मीही तिच्याजवळ राहिले. वर म्हशी आणि रखमाचं थोरलं लेकरू सांभाळायला माझा मुलगा होता. आषाढात ओढा भरला आणि वाट बंद झाली. श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात तिला मुलगी झाली. नर्सबाई म्हणाली, पायाळू होतं, वर वाड्यावर असती तर दोघींचं काही खरं नव्हतं. हे तिनं सरपंचांच्या देखत सांगितलं. मी तिला तसं सांगायला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत सोप्यात. मग सरपंचांच्या घरी जो येईल त्याला आमची ओळख व्हायला लागली. पंचायत समितीचे सभापती बक्षिसाबद्दल अभिनंदन करायला आले, तर सोप्यात आडव्या दोरीवर लंगोट वाळत होते आणि त्यांतून वाकूनच आत यावं लागत होतं. पोरगी भोकाड पसरायची. गंगूच्या लेकराला जो आवाज मिळाला नव्हता, तोही हिनंच घेतला असावा.

"कुणाचं लेकरू?" सभापतींनी विचारलं.

सरपंच काही बोलायच्या आत मी सांगितलं. मग पुढच्यालाही सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. काठी नव्हती, फलक नव्हते, तीन सेकंद थांबणं नव्हतं. सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

बाराव्या दिवशी शेवंतानंच आढ्याला पाळणा बांधला. पहिले आठ दिवस ती आमच्याकडे पाठ करून बसायची. आता पोरगी रडली की माझ्या आधी उठायची. त्या दिवशी पाळण्याची दोरी ओढत ती सरपंचांना म्हणाली, "कमानीखालनं कोण जातंय हो एवढं? यस्टी तर भाईरनंच वळती."

सरपंच सुपारी कातरत होते. कातरत राहिले. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाले, "बमाक्का, कधी न्यायची ठरवलीयस?"

"वढा उतरला की."

"कधी उतरंल?"

"गणपतीपर्यंत बगायचं. आन् आबा, सोप्यात दुसरं काय भरू नगा."

"का?"

"वाड्यावर आणिक तिघी तरण्या सुना हाईत. बिरूची, धाकल्याची थोरली आन् बिरूच्या भावाची. पुढल्या पावसात येत्याल. मी सांगून ठेवलंय त्यांस्नी, घर ऐसपैस हाय, शेवंता मायेची हाय."

शेवंता पाळण्यामागून खळखळून हसली. सरपंचांचा अडकित्ता थांबला.

गणपतीनंतर आम्ही वर गेलो. त्याच आठवड्यात आनंदराव पोवार चौगुले भाऊसाहेबांना घेऊन जिल्ह्याला गेले. एकदा काम झालं नाही, परत गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणे अभियंत्यांच्या दारात दिवसभर बसून राहिले आणि जेवायलाही उठले नाहीत. कोणतेही फलक त्यांनी नेले नव्हते. चौथ्या खेपेला अभियंता स्वतः आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चढ चढला आणि ओढ्यावर टेप धरून गेला. पुढच्या मे महिन्यात साकव झाला. पहिल्या पावसाळ्यात बिरूची सून त्यावरून चालत खाली गेली आणि दहाव्या दिवशी लेकरू घेऊन चालत वर आली. तिला ते काही विशेष वाटलं नाही. वाटायला नकोच होतं.

निशिकांत आता मोठा झालाय. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन सादरीकरण कसं करावं ते शिकवतो, सरकार त्याला बोलावतं. त्यात तो एका अडाणी बाईची गोष्ट सांगतो म्हणे, अक्षराखाली घरं दाखवणारी. सगळे टाळ्या वाजवतात. माझ्या नातीनंच ऐकलं ते, तिच्या कॉलेजात. सोप्यात लंगोटांची दोरी जिच्यामुळं लागली, तीच ही. उठून काही बोललीस का, विचारलं. म्हणाली, "आजी, तो इतका छान बोलत होता."

साकवाला गावाच्या बाजूनं संगमरवरी पाटी बसवलीय. कोणाच्या हस्ते, कोणाच्या अथक प्रयत्नांनी, बरंच लिहिलेलं असावं, दाटीवाटीची अक्षरं दिसतात. वीस वर्षं मी दुधाच्या किटल्या घेऊन तिच्यासमोरून जाते. वाचायला येतं मला. थांबत नाही.